डबीला स्टीलचं घर

आमच्या ट्रॅकवर ट्रान्सपाँडरला कुणी ट्रान्सपाँडर म्हणत नाही, डबी म्हणतात. आगपेटीपेक्षा जरा मोठी, नारिंगी रंगाची, आत बॅटरी आणि चिप. ती गो-कार्टच्या सीटमागे बसवायची. शेवटच्या रेषेखाली डांबरात एक तार पुरलेली असते, तिला लूप म्हणतात. डबी तिच्यावरून गेली की रेषेशेजारच्या मनोऱ्यातलं यंत्र ‘टीं’ करतं आणि पडद्यावर फेरीची वेळ उमटते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. गेली सात वर्षं दर रविवारी मी त्या पडद्यासमोर बसतो. उरलेले सहा दिवस कुपवाडला माझं वर्कशॉप असतं.

ट्रॅक उंब्रजच्या पुढे, हायवेपासून थोडा आत आहे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी उसाचं रान मोडून तो केला. भावकीनं त्यांना वेड्यात काढलं. मी कठडे वेल्डिंग करायला गेलो होतो. माझी मोजमापं बघून ते म्हणाले, “मिस्तरी, टाइम तुमीच बघा. तुमाला मिलिमीटरचा रोग हाय, तो हितं कामाला ईल.” रोग आहे हे खरं. घरचेही तेच म्हणतात.

डब्या निवडायची वेळ आली तेव्हा दोन जातींमधून निवड होती. एक तारेनं बॅटरीला जोडायची, ती एकाच गाडीत कायमची राहते. दुसरी चार्ज करायची. आमच्या गाड्यांना बॅटरीच नाही आणि डब्या या गाडीतून त्या गाडीत फिरवायच्या, म्हणून दुसऱ्या जातीच्या घेतल्या. तिचा हिरवा दिवा जितक्या वेळा लुकलुकतो तितके दिवस चार्ज पुरतो. लाल झाला की संपलं. शनिवारी सगळ्या डब्या चार्जिंगच्या पेटीत लावायच्या, रविवारी सकाळी प्रत्येकीचा दिवा मोजायचा, ओल्या फडक्यानं चिखल पुसायचा. पाण्याचा पाइप मारायचा नाही. हे सगळं मी देवपूजेपेक्षा जास्त मनापासून करतो.

डबी बसवायचेही नियम आहेत. सीटच्या पाठीमागे, उभी, जमिनीपासून वीतभर, आणि तिच्या व लूपच्या मध्ये धातू येता कामा नये. डबीसोबत एक प्लास्टिकची खोबण येते. ती सीटला स्क्रूनं मारायची, डबी वरून सरकवायची, आडवी पिन घालायची. झालं.

त्या खोबणीवर माझा पहिल्या दिवसापासून राग. आमच्या कुपवाडात प्लास्टिकच्या भरवशावर कुणी काही सोडत नाही. एखादी वस्तू टिकावी असं वाटलं की आम्ही तिला पत्रा लावतो. शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं मोबाइलच्या चार्जरला एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची पेटी केली आहे आणि तो चार्जर आता हलवायला दोन माणसं लागतात. मी त्याला हसायचो. पण मनातून मला ती पेटी आवडली होती.

मनोऱ्याच्या दारावर मी स्वतः ऑइलपेंटनं एक पाटी लिहिली होती: ‘जी फेरी यंत्राला दिसली नाही, ती झाली नाही.’ कराडचे एक डॉक्टर एकदा चार्ज न केलेली डबी घेऊन धावले आणि वर येऊन भांडायला लागले. सगळ्यांनी त्यांना धावताना पाहिलं, त्यांच्या घड्याळातही वेळ आहे, वगैरे. मी फक्त पाटीकडे बोट केलं. डॉक्टर उतरून गेले. पुढच्या रविवारी बिचारे दिवा मोजून आले. नियमाला एकच अपवाद होता. दोष लूपचा किंवा मनोऱ्यातल्या यंत्राचा निघाला, तर सगळ्यांचीच फेरी पुन्हा घ्यायची. दोष डबीचा किंवा ती बसवण्याचा असेल, तर ज्याचं त्यानं भोगायचं. लूपचा दोष की डबीचा, हे ठरवणार मी.

माझी भाची माझ्याकडे राहून सांगलीत इंजिनिअरिंग शिकत होती. बहीण वडूजला असते. मुलगी शांत, अभ्यासात बरी, हट्टी नाही. दुसऱ्या वर्षी माझ्याबरोबर सहज ट्रॅकवर आली, सुभेदारांनी गाडीत बसवली आणि दोन महिन्यांत ती रोजच्या पोरांना मागं टाकायला लागली. ती वळणात ब्रेक फार कमी मारायची. सुभेदार म्हणायचे, “पोरगी मोजून चालवती, मामावर गेलीया.” मी वरवर नाही म्हणायचो.

तिच्या शेवटच्या वर्षाला दक्षिणेतल्या एका रेसिंग संघाची चाचणी होती. प्रत्येक ट्रॅकवरून एकच नाव जाणार होतं. एका रविवारी दहा मिनिटांचं सत्र, त्यात ज्याची एक फेरी सर्वांत वेगवान, त्याचं नाव. वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ती त्यात बसत नव्हती. म्हणजे ही तिची पहिली आणि शेवटची संधी. तिच्या बरोबरीचा एकच जण होता, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याचा मुलगा. चांगला मुलगा. हरला तर येऊन हात मिळवायचा.

चाचणीच्या आदल्या गुरुवारी तिच्या सीटमागची खोबण तडकली. नवी यायला आठ दिवस लागणार होते. दुसऱ्या कुणाची मागून घेता आली असती. सुभेदारांकडे जास्तीच्या दोन होत्या, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात पत्रा शिरला होता.

मी दीड मिलिमीटरच्या एसएसचं घर केलं. तिन्ही बाजूंनी बंद, खाली तळ, वर सरकतं झाकण, कोपरे आर्गन वेल्डिंगनं जोडलेले, वर चकाकी येईपर्यंत बफिंग. डबी आत अशी बसली की हलवली तरी वाजत नव्हती. आयुष्यात केलेल्या कामांत ते मला फार आवडलेलं काम होतं. इंजिनाच्या हादऱ्यानं यातलं काही तडकणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

तिनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग मोबाइलवर डबीची माहितीपुस्तिका उघडली.

“मामा, हितं लिवलंय, खाली धातू नको.”

“परदेशातल्या लोकांनी लिहिलंय ते. त्यांच्या रस्त्याला खड्डे नसतात.”

“तरीबी. सुभेदारांकडं एक प्लास्टिकची मिळंल की.”

“मिळंल आणि तिसऱ्या वळणावर तुटंल. मी सात वर्षं बघतोय हे.”

तिनं मोबाइल खिशात ठेवला. आमच्याकडे मामाला इतकंच बोलतात. शनिवारी आम्ही ट्रॅकवर गेलो, मी गाडी हातानं ढकलत लूपवरून नेली आणि यंत्रानं ‘टीं’ केलं. पुन्हा ढकलली, पुन्हा ‘टीं’. मी तिच्याकडे बघितलं. ती हसली आणि म्हणाली, “बरं हाय मग.”

ढकललेली गाडी आणि पळणारी गाडी यांत फरक असतो. डबी लूपवर असेपर्यंत यंत्राला सारखे ठोके देत असते. चालीनं गेली तर ते शंभर ठोके ऐकतं, वेगात गेली तर मोजकेच. त्यातले निम्मे पत्र्यानं गिळले तर काय उरणार? हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येक नवीन माणसाला मीच हे समजावून सांगत होतो.

रविवारी सकाळच्या सरावात पडद्यावरच्या एका रकान्यात तिच्यापुढचा आकडा इतरांपेक्षा कमी दिसत होता. तो रकाना सिग्नलचा. मी बघितला. रात्री पाऊस झालाय, डांबर ओलं आहे, असं स्वतःला सांगितलं. बाकीच्यांना तेच डांबर होतं. अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या सकाळी माझ्या शेजारीच उभा होता.

सत्र सुरू झालं. व्यापाऱ्याच्या मुलानं पाचव्या फेरीत ४९.३१८ दिली. तिची सर्वांत चांगली ४९.६०४. आठव्या फेरीला ती उतारावरून आली तेव्हा तिची गाडी इतकी सरळ आणि शांत होती की मी खुर्चीतून उठलो. ती रेषेवरून गेली. ‘टीं’ झालं नाही.

पुढच्या फेरीला झालं. पडद्यावर तिच्या नावापुढे आकडा आला, १:३८.४१२. दोन फेऱ्यांची मिळून एक.

मी न ठरवता भागाकार केला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चारशे बारा, भागिले दोन, एकोणपन्नास पूर्णांक दोनशे सहा. दोन्ही फेऱ्या सारख्या असल्या तरी त्या ४९.३१८ पेक्षा चांगल्या होत्या. आणि सारख्या नसतील तर त्यांतली एक त्याहूनही चांगली होती. कशीही वाटणी करा, ती जिंकलीच होती. फक्त यंत्राला ते दिसलं नव्हतं.

निकालाचा कागद छापून मी खाली नेला. सुभेदारांनी चष्मा लावून तो वाचला, तिच्या ओळीवर बोट ठेवलं. आजूबाजूला सगळे उभे होते, तो मुलगाही.

“मिस्तरी, ह्ये कशाचं? लूपचं का डबीचं? लूपचं आसंल तर परत घिऊ समद्यांची.”

मला फक्त ‘लूप’ म्हणायचं होतं. एक शब्द. कुणी तपासणार नव्हतं, कारण तपासणारा मीच. पुन्हा सत्र झालं असतं, सुभेदारांची प्लास्टिकची खोबण लावून ती धावली असती. आणि खरंच बोलायचं असतं तर ‘डबीच्या घराचा दोष, ते घर मी केलं’, एवढंच म्हणायचं होतं. मला दोन्ही म्हणवेना. खोटं बोलायला पाटी आडवी येत होती आणि खरं बोलायला माझं नाव.

ती हेल्मेट काखेत धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग सुभेदारांच्या हातातून कागद घेतला, आपली ओळ वाचली आणि म्हणाली, “डबीचं हाय. लूपनं बाकी समद्यांचं घेतलंय. मीच नीट बसवली न्हाई. माझीच चूक हाय.”

सुभेदारांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून उभा राहिलो. संघाकडे व्यापाऱ्याच्या मुलाचं नाव गेलं. त्यानं येऊन तिच्याशी हात मिळवला, पण नेहमीसारखा हसला नाही.

परत येताना पेठ नाक्यावर आम्ही चहा घेतला. ती परीक्षेचं वेळापत्रक बदलल्याचं बोलली, आईला फोन केला, “न्हाई झालं गं” म्हणाली आणि वडूजला पाऊस कसा आहे ते विचारलं. गाडीत ती झोपली, किंवा डोळे मिटून बसली. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. घर येईपर्यंत कळत होतं. मग घर आलं.

परीक्षा झाल्यावर तिला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिनं हेल्मेट वर्कशॉपमध्ये ठेवलं. म्हणाली, “काचंचा स्क्रू ढिला झालाय, सवडीनं बगा.” काही महिने ते फळीवर पडून होतं. एका दुपारी काम नव्हतं म्हणून मी ते उघडलं. आतलं अस्तर काढलं तर त्याखाली घडी घातलेला कागद होता. मी छापलेला निकाल. तिच्या ओळीच्या बाजूला पेन्सिलीनं लहान अक्षरात भागाकार मांडला होता. उत्तर ४९.२०६. त्याखाली ४९.३१८. त्याखाली वजाबाकी. बाकी एक अक्षर नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. कागद तिच्या हातात त्याच दिवशी होता, आणि भागाकार करायला तिला तरी किती वेळ लागणार? आपण जिंकलो हे माहीत असून तिनं चूक अंगावर घेतली, आणि मी ती घेऊ दिली. मला लाज वाटली. मी बराच वेळ तो कागद घेऊन लेथजवळच्या स्टुलावर बसलो होतो.

पुढच्या रविवारी सकाळी डब्यांचे दिवे मोजून झाल्यावर मी सुभेदारांकडे गेलो. ते कठड्याला रंग देत होते.

“साहेब, त्या चाचणीच्या दिवशी चूक पोरीची नव्हती. ते स्टीलचं घर मी केलं होतं. तिनं नको म्हटलं होतं.”

त्यांनी ब्रश डब्यावर टेकवला.

“ठावं हाय की. आसलं वेल्डिंग ह्या ट्रॅकवर दुसरं कोण करतंय? गाडी आत आली तवाच दिसलं. त्या व्यापाऱ्याच्या पोरालाबी दिसलं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“पोरीनं आपल्या अंगावर घेतलं. तिचा शबुद मी कसा मोडू?” त्यांनी पुन्हा ब्रश बुडवला. “आनि तुमी तितंच हुता. आमी समदी वाट बगत हुतो, तुमी कवा बोलताय.”

मी मनोऱ्यावर परत गेलो. सत्राला अजून अर्धा तास होता. फोन काढला, भाचीचा नंबर लावला आणि ती उचलेपर्यंत पाटीवरची ओळ वाचत उभा राहिलो.