गुरुवारचा बाक आणि तीन डावे कान

मला कुणी विचारलं की इतके किस्से जमले कुठे, तर मी सांगते, ड्रेसिंगच्या बाकावर. ऑपरेशन काय, काही तासांत आटोपतं. पण कान आतून भरून यायला महिने लागतात. दर गुरुवारी जायचं, नंबर लावायचा, बसायचं. बसलं की माणूस बोलतो. आणि ज्याला एकाच कानाने ऐकू येतं तो जरा जास्तच मोठ्याने बोलतो. त्यामुळे आमचे किस्से आमच्यापुरते कधी राहिलेच नाहीत. अख्खी ओपीडी ऐकायची!

तेव्हा मला यवतमाळहून पुण्यात येऊन दीड वर्ष झालं होतं. आयटीत टेस्टिंगची नोकरी, विश्रांतवाडीत दोघी मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली. डावा कान लहानपणापासून वाहायचा. घरात सगळे म्हणायचे, मोठी झाली की थांबेल. मी मोठी झाले, कान काही थांबला नाही. एक दिवस चक्कर येऊन ऑफिसच्या जिन्यातच बसले, तेव्हा कुठे नारायण पेठेतल्या एका दवाखान्यात गेले.

डॉक्टर मॅडमनी स्कॅन दिव्यासमोर धरला. "कोलेस्टिएटोमा. पडद्यामागे कातडीची पिशवी वाढलीय आणि ती आसपासचं हाड खातेय. हाडाच्या पलीकडे मेंदू आहे. ऑपरेशन करायचं का, हे विचारू नकोस. कधी, तेवढं सांग."

बाकावर आम्ही तिघं असायचो. मी. दुसरे सर, म्हणजे दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर राहणारे गणिताचे निवृत्त शिक्षक. आणि तिसऱ्या, हडपसरजवळच्या मांजरी गावच्या शेवंताअक्का, दिवसभर उसात राबून वर दोन म्हशी सांभाळणाऱ्या. तिघांचाही डावाच कान गेलेला!

त्यात एक गंमत होती. शेजारी उजवीकडे बसला असेल तरच त्याचं आम्हाला ऐकू यायचं. म्हणजे बाकावर गप्पा एकाच दिशेने जायच्या. सर कायम अगदी उजव्या टोकाला बसायचे. त्यांचं सगळ्यांना ऐकू यायचं, त्यांना कुणाचंच नाही.

मी एकदा उठून त्यांच्या समोर गेले आणि म्हटलं, "सर, कधी तरी मधे बसा ना!"

"पस्तीस वर्षं वर्गात असाच होतो," सर म्हणाले. "आता कशाला बदलू?"

* * *

या आजाराचं नाव कुणाला धड ऐकूच येत नाही. ऐकणाऱ्याचे दोन्ही कान शाबूत असले तरी!

सरांच्या शेजाऱ्यांनी जिन्यात गाठून सल्ला दिला. "अहो, कोलेस्टेरॉल ना? तूप बंद करा आधी. आणि रोज पर्वतीवर जा."

सरांनी पिशवी खाली ठेवली. "कोलेस्टेरॉल नव्हे. कोलेस्टिएटोमा. आमच्या मॅडम गुरुवारी असतात. येऊन कान दाखवून जा."

* * *

आता सरांच्या ऑपरेशनचं सांगते. चेहरा हलवणारी नस या कानातूनच जाते. त्यामुळे शुद्धीवर आल्या आल्या डॉक्टर पहिलं काम काय करतात, तर चेहरा बघतात. डोळे मिटा, दात दाखवा, हसा. तोंड वाकडं झालं नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. मला हे आधी सांगितलं होतं, त्यामुळे मी भुलीतून जागी झाले तेव्हा कुणी विचारायच्या आतच हसत सुटले होते. नर्सला वाटलं, पोरीला भूल चढली. हसता हसता मी रडायला लागले. दोन्ही गाल हलताहेत, हे मला मीच हात लावून बघत होते.

सर शुद्धीवर आले. डोक्याला भलंमोठं बँडेज. मॅडम वाकून म्हणाल्या, "सर, हसा बघू."

सर मॅडमकडे बघत राहिले. "का? हसण्यासारखं काय झालंय?"

"सर, प्लीज. दात दाखवा."

"दात तुमचा विषय नाही. कान झाला का?"

असं म्हणताना सरांच्या दोन्ही भुवया सारख्या वर गेल्या, ओठ दोन्ही बाजूंनी सारखे मुडपले. मॅडमनी कागदावर लिहिलं आणि नर्सला म्हणाल्या, "चेहरा शाबूत आहे. स्वभावसुद्धा!"

पुढे एकदा सरांच्या मिसेस, म्हणजे काकू, माझ्या कानाशी येऊन, उजव्या, हळूच म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस हं. ऑपरेशनच्या सकाळी हे आरशासमोर उभे राहून दहा मिनिटं हसून बघत होते. उद्या हसू बदललं तर आधीचं कसं होतं ते लक्षात असावं म्हणून."

* * *

ऑपरेशनच्या जागेजवळूनच चवीची एक बारीक नस जाते. ती दुखावली की जिभेची एक बाजू काही महिने पितळ चाटल्यासारखी होते. मला चहा नाण्यासारखा लागायचा. आईच्या हातचं पिठलंसुद्धा!

सरांचं उलटं झालं. जेवताना ते एकदम म्हणाले, "आज आमटी बरी झालीय."

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. आमटीबद्दल चांगला शब्द पहिल्यांदाच!

काकूंनी डाव पातेल्यात ठेवला. "उजव्या कानाचंही करून घेता का?"

* * *

अक्कांच्या सासूबाईंचा डॉक्टरवर विश्वास नव्हता. कान भरून येईपर्यंत पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही, व्हॅसलीन लावलेला कापूस घालूनच अंघोळ करायची, अशी मॅडमची सक्त ताकीद. आणि सासूबाई रोज वाटीत लसणाचं गरम तेल घेऊन उंबऱ्यात उभ्या! "आमच्या साती पिढ्यांनी हेच घातलं. कोण मेलं काय त्यानं?"

अक्का सात दिवस वाटी घेत राहिल्या. आठव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "उतार पडला का गं?"

"लई झ्याक पडला, आत्याबाई!"

गुरुवारी अक्कांकडून हे ऐकून मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अक्का! कानात तेल घातलंत?"

"कानात कशाला? वांग्याला फोडनी दिली. लसनाचंच हुतं न्हवं!"

* * *

आता माझ्या ऑफिसचं. महिन्याच्या रजेनंतर मी कामावर गेले. कानामागचे भादरलेले केस जेमतेम नखाएवढे आले होते. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं आणि फार गोड आवाजात म्हणाला, "तू आता क्लायंट कॉलला बसू नकोस. यू नो, कम्युनिकेशनचा इश्यू होईल. डॉक्युमेंटेशन बघ."

कॉल गेले की ऑनसाइट, म्हणजे परदेशात जायची संधीही गेली, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पण मी म्हटलं, "मॉड्यूल माझं आहे. मी बसणार."

बसले. खुर्ची ओढून टेबलाच्या अशा टोकाला नेली की स्पीकरफोन माझ्या उजवीकडे येईल. आठजण वह्या उघडून बसलेले. पलीकडून अमेरिकन साहेब भरभर काही तरी सांगत होता. सगळे माना हलवत होते, येस येस करत होते, जणू त्याला फोनमधून दिसतंय!

मी म्हटलं, "सॉरी, प्लीज रिपीट." त्याने सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "सॉरी, युझर कॅन डिलीट, ऑर कान्ट?" मॅनेजरने टेबलाखालून माझ्या खुर्चीला लाथ मारली. मी तिसऱ्यांदा विचारलं.

साहेब वैतागला. "कॅन-नॉट! नो युझर कॅन डिलीट एनिथिंग!"

आठ वह्यांत 'कॅन' लिहिलेलं होतं. आठजणांनी खाली बघून खोडलं.

कॉल संपल्यावर मॅनेजर म्हणाला, "पण तुला बरोबर ऐकू आलं कसं?"

"आलं नाही ना. म्हणून तर विचारलं!"

पुढच्या सगळ्या कॉलना ती टोकाची खुर्ची माझ्यासाठी रिकामी असायची.

* * *

त्याच वर्षी घरच्यांनी स्थळ बघितलं. मुलगा सॉफ्टवेअरमधलाच. पत्रिका जुळलेली. आई यवतमाळहून आली आणि माझे केस डाव्या कानावर चापून चोपून बसवले. "बोलू नोको वं काही. लग्न झाल्यावर सांगता येते."

कोथरूडला मावशीकडे कार्यक्रम. मुलाची आई नेमकी माझ्या डावीकडे बसली. तिने काही तरी विचारलं, मला कळलंच नाही. तिने पुन्हा विचारलं. आईच घाईघाईने उत्तर देऊ लागली. मला आईचा घाबरलेला चेहरा बघवेना. मी केस कानामागे सारले, व्रण दाखवला आणि म्हटलं, "काकू, आतलं हाड किडलं होतं. ऑपरेशन करून काढलंय. या बाजूने कमी ऐकू येतं."

बाई जराशा सरकल्या. "कमी म्हणजे किती?"

"टोमणे मारलेत तर अजिबात नाही!"

मावशीला ठसका लागला. मुलगा चहाच्या कपात बघत बसला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आईला मी परतीच्या एसटीत बसवून दिलं. "काहून सांगत बसली वं?" एवढंच खिडकीतून म्हणाली.

गुरुवारी बाकावर मी नुसती नंबराची चिठ्ठी दुमडत बसले. अक्कांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. सर उठले आणि माझं नीट ऐकू यावं म्हणून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले; त्यांचं ऐकायला मी पूर्ण त्यांच्याकडे वळले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी जागा सोडली होती.

"मुलगा स्वतः काही बोलला?"

"नाही, सर."

"मग ऐकू न येणं तुझं सोड. त्याला बोलता येतं का, ते आधी बघायला हवं होतं."

* * *

शेवटचा अक्कांचा.

वर्षभराने मॅडमनी अक्कांचा कान पुन्हा उघडून बघितला. आजार परतला नव्हता. मग खाल्ल्या गेलेल्या हाडाच्या जागी त्यांनी एक इवलंसं कृत्रिम हाड बसवलं. तीन महिन्यांनी मशीनवर तपासणी झाली. काचेच्या खोलीत अक्का कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या आणि बारीक बारीक आवाजांनाही बोट वर करत होत्या. डावा कान परत आला होता!

पुढच्या फेरीला अक्का आल्या त्या पदराला एक भारी फाउंटन पेन अडकवून. "हे काय?" आम्ही विचारलं.

त्यांचे यजमान गेल्यापासून जमीन अक्कांच्या नावावर होती. मांजरीच्या आजूबाजूला टॉवर उठायला लागले होते. थोरल्या दिरांनी गळ घातली, रस्त्याकडचा अर्धा एकर देऊन टाकू. अक्का हो म्हणाल्या. हडपसरला एका वकिलाच्या ऑफिसात सगळे जमले. दीर आणि जमिनीचा दलाल मुद्दाम अक्कांच्या डावीकडे बसले.

दीर दलालाच्या कानाला लागून म्हणाले, "तिला अर्धाच एकर ठाऊक हाय. कागदावर समदी घेतलीया. तुमी नुसतं सहीचं पान म्होरं करा."

सहीचं पान पुढे आलं. वकिलाने आपलं पेन दिलं. अक्कांनी पेन हातात धरलं आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, पयल्या पानापास्नं वाचा. मोठ्यानं."

दीर म्हणाले, "शेवंता, उगा कशाला तरास? तुला कुठं ऐकू येतंय?"

"कान गेलाय माझा, हात न्हाई. सही माझीच लागतीया न्हवं? वाचा!"

वकील वाचू लागला. क्षेत्राच्या ओळीपाशी त्याचा आवाज एकदम बारीक झाला. अक्का म्हणाल्या, "तीच वळ परत एकदा." मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते पदराला अडकवलं, उठल्या आणि बस धरून घरी आल्या.

"म्हस पिळायची येळ झालीवती," त्या आम्हाला म्हणाल्या.

इतक्यात मॅडम आल्या. कान तपासला, रिपोर्ट बघितला, खूश झाल्या. "अक्का, फार छान! घरच्यांना सांगितलंत ना, ऐकू यायला लागलंय म्हणून?"

अक्कांनी डाव्या कानावर पदर ओढून घेतला.

"कशाला? अजून धाकला दीर हाय की!"