दुसऱ्या बाजूची बाई

कामतघरच्या ज्या कारखान्यात मी सात वर्षं कापडाचे लूम चालवले, त्याच्या मालकाने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा अजून भिवंडीत यायचा आहे. कशात फसवलं हे कळायला वीस वर्षं लागली, आणि तेही एका परदेशी रॉक बँडच्या रेकॉर्डमुळे कळलं.

लूम सोडल्यावर मी राहनाळला गाळा घेतला. गोदामांत पडून राहिलेला, गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल लॉटने उचलायचा आणि सुटा विकायचा, हा माझा धंदा. मागच्या वर्षी एका लॉटमध्ये दोन खोके रेकॉर्ड्स निघाल्या, सगळ्या एकाच अल्बमच्या. कव्हरवर गोठलेलं तळं आणि बर्फात अडकलेली रिकामी होडी. मागे बारीक अक्षरात स्वीडन छापलेलं.

मला त्या गाण्यांतलं काही कळत नाही. पण जो माल विकायचा तो कसा आहे हे माहीत पाहिजे. म्हणून एक जुना प्लेअर मिळवला, गाळ्यात स्पीकर लावले, आणि जो घ्यायला येईल त्याला खुर्चीत बसवून ऐकवायला लागलो. गाणं चालू असताना मी त्याच्या ओठांकडे बघत बसायचो. सौद्यात माझी ती सवयच आहे. डोळे खोटं बोलतात, ओठ बोलत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचो.

पहिला आला तो कल्याणचा, बँकेत नोकरीला, पिकलेल्या केसांची शेंडी बांधलेला. ऐकता ऐकता बोलत होता. "चाली सुंदर आहेत. गिटार उगाच आरडाओरडा करत नाही. कोरस एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही. कीबोर्ड मात्र जरा जास्तच गोड." दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपलं, मी सुई उचलायला हात पुढे केला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"थांबा. ती गातेय."

तो मागच्या शटरकडे बघत होता. मला नेहमीचंच ऐकू येत होतं, लांब कुठेतरी चालू असलेले लूम. बाकी काही नाही. रेकॉर्ड मात्र फिरत होती.

"सगळ्यात चांगलं हेच आहे," तो म्हणाला. "पण ही बाई कोण? कव्हरवर एकाही बाईचं नाव नाही."

मी ओळखलं. मालात खोट काढायची, मग भाव पाडायचा. "साहेब, माल सीलबंद आहे," मी म्हटलं. "बाया शोधायच्या असतील तर दुसरा गाळा बघा." त्याने मी सांगितलेल्या किमतीला रेकॉर्ड घेतली आणि गेला. हे मला खटकलं. खोट काढून घासाघीस न करणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

पुढे ठाण्याची दोन कॉलेजची मुलं आली, एक मुलगा, एक मुलगी. मुलीला अल्बम आवडला नाही. फार गुळगुळीत आहे म्हणाली, मॉलच्या लिफ्टमध्ये वाजेल असा. ड्रम तर पत्र्याचा डबा बडवल्यासारखे. मुलगा तिच्याशी भांडत होता, चौथ्या गाण्यासाठी पूर्ण रेकॉर्ड घ्यायला तो तयार होता. शेवटी गिटार थांबली. दोघांच्या माना एकाच बाजूला वळल्या, मागच्या शटरकडे. मुलीने दंड चोळले.

"काका, बंद करा ना. जवळ आल्यासारखं वाटतंय."

"कोण?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच तिची चेष्टा करतोय.

नंतर येणाऱ्यांचंही तेच. कोणी म्हणे गाणारा फार रडतो, कोणी म्हणे असा गोड रॉक आता कोणी करत नाही, कोणाला पहिली बाजू नको, कोणाला दुसरी. भावावर दोन माणसांचं कधी एकमत होत नाही, आणि या सगळ्यांचं त्या बाईवर एकमत. अगदी बारीक, उंच आवाज, शब्द नाहीत, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मी दुसरी रेकॉर्ड उघडली. स्पीकर बदलले. मागचं शटर वर करून पाहिलं. तिकडे गवत आणि विटांचा ढीग. भर दुपारी, रिकाम्या गाळ्यात ती रेकॉर्ड शेवटपर्यंत लावून मी एकटा बसायचो, आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त मला नाही, असं वाटायचं.

एकदा बायको डबा घेऊन आली. ती दिघाशीची. इंग्रजी गाण्यांशी तिचा संबंध नाही. काही न सांगता मी रेकॉर्ड लावली. ती डबा पुसत होती. शेवटी तिचा हात थांबला.

"कोन बाय हाय ही? पोराला निजवते हाय वाटतं."

मी तिच्यावर ओरडलो. तूही त्यांना सामील झालीस का, म्हणालो. ती चिडली नाही. जवळ आली आणि समोर उभी राहून म्हणाली, "मी मागून हाक मारते तवा तुम्ही वलून न्हाय बघत. मला वाटायचं, राग धरलाय."

"किती दिवस?"

"दिवस कसले. वर्सं झाली."

माझा अजूनही विश्वास बसेना. मी कामतघरच्या जुन्या जोडीदाराला बोलावलं. तो उत्तरेचा, माझ्या शेजारचे लूम चालवायचा, आजही चालवतो. त्याला चहा दिला, रेकॉर्ड लावली. शेवट आला. तो शांतपणे चहा पीत होता.

"कोई औरत गा रही है?" मी विचारलं.

"कौन औरत? गाना तो कब का खतम हुआ."

मी टेबलावर थाप मारली. एक तरी खरा माणूस भेटला. "सब मिले हुए हैं," मी म्हटलं.

"तू तो पहले से शक्की है, भाई." तो हसला, आणि बोलत बोलतच टेबलाखालची चप्पल शोधायला वाकला. त्याचं तोंड दिसेनासं झालं आणि त्याचे शब्द गेले. नुसती घुरघुर उरली. तो वर आला, ओठ दिसले, शब्द परत आले.

मी उठलो, त्याच्याकडे पाठ केली आणि विचारलं, "घर में सब ठीक?" उत्तर नाही. वळून पाहिलं तर तो माझं तोंड त्याच्याकडे वळायची वाट बघत बसला होता.

"फिर से बोल," तो म्हणाला. "इधर देख के."

लूमच्या खात्यात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. आम्ही तिथे ओठांवरून बोलायला शिकलो होतो. खातं सोडलं, पण ते बोलणं आजही सुटलेलं नाही.

"लूम की आवाज आ रही है तुझे?" मी विचारलं.

"वो तो आती ही है. हमेशा."

राहनाळमध्ये माझ्या गाळ्याजवळ एकही लूम नाही. त्या दिवशी तर लाईटही गेली होती, म्हणून प्लेअर मी बॅटरीवर लावला होता.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बसलो. मशीन चालूच केलं नाही असं वाटलं. काचेपलीकडे बघितलं तर त्यांची बोटं कधीची चालत होती. बारीक, उंच आवाज गेलेत, त्या नंतर म्हणाल्या, आणि ते परत येणार नाहीत. तुम्हाला ऐकू येतात ते लूम तुमच्याच कानात आहेत.

तेव्हा मला मालक आठवला. खात्यात यायचा तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत अत्तराचा फाया असायचा. शौकीन माणूस, म्हणून आम्ही हसायचो. अत्तराचा फाया लोक कानाच्या पाळीजवळ वरच्यावर खोचतात. हा बोटाने आत दाबायचा. एकदा मी त्याला सांगितलं होतं, शेठ, घरी गेल्यावरही कानात आवाज राहतो. त्याने माझ्याकडे तोंड करून सावकाश ओठ हलवले: "सवय होते." आमच्या पायाखाली, प्रत्येक लूमखाली, कापसाच्या कचऱ्याचा ढीग पडलेला असायचा.

एक रेकॉर्ड मी विकलेली नाही. मालक जिवंत आहे, धडधाकट आहे, लग्नकार्यात हळू आवाजात गप्पा मारताना मी त्याला पाहिलं आहे. त्याने राहनाळला यावं. कानातले फाये काढून माझ्या खुर्चीत बसावं, दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकावी आणि ती बाई कशी गाते ते मला सांगावं. आणि पायाखालचा तो चिमूटभर कापूस आम्हाला का दाखवला नाही, तेही सांगावं. मी त्याच्या ओठांकडे बघत बसेन. त्याने फक्त तोंड माझ्याकडे ठेवून बोलावं.