मास्तर आणि ओडियम

इंग्रजीचे मास्तर निवृत्त झाले आणि बिल्डिंगने गच्चीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हची किल्ली त्यांच्या हाती दिली. वर्ग गेला, पण शिस्त लावायला पाच मजले मिळाले. टाकी दुपारच्या आतच कोरडी पडायला लागली, तशी मास्तरांनी दारोदार जाऊन गळक्या नळांवर व्याख्यानं झोडली आणि पाणी सकाळी तासभरच सोडायचा फतवा काढला. कुणाच्या डोक्याला फेस असो, तोंडात ब्रश असो, तास भरला की व्हॉल्व्ह बंद!

बिल्डिंग त्यांच्या नावानं बोटं मोडू लागली.

"याला इंग्रजीत ओडियम म्हणतात," मास्तर बायकोला म्हणाले. "तू तुझ्या जावेचं तोंड बघत नाहीस, तो ओडियम नव्हे. तो तुमचा घरगुती मामला. सगळ्या समाजानं मिळून, उघड उघड एखाद्याचा तिटकारा करायचा, तो ओडियम. आणि तो फुकट मिळत नाही. आपल्या वागण्यानं ओढवून घ्यावा लागतो. कर वाढवणारा मंत्री, घरच्या संघाच्या फलंदाजाला बाद देणारा पंच..."

"आणि तुम्ही," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"छे! तळमजल्याचा शिंपी अजून नमस्कार करतो. तो आहे तोवर हा शब्द मला लावता येणार नाही."

संध्याकाळी मास्तर नेहमीप्रमाणे फाटकाजवळच्या बाकावर पत्ते खेळायला गेले. दिवसभर ते या डावाचीच वाट बघायचे. पण त्यांच्या जागी चौथा भिडू म्हणून शिंपीच बसला होता. नमस्कार नाही की चमत्कार नाही.

"बसा म्हटलं असतं मास्तर," शिंपी पत्ते पिसत म्हणाला, "पण आम्हीही आता ठरल्या वेळी प्रवेश बंद करतो."

आता शब्द अगदी चपखल लागू पडत होता. मास्तरांना मात्र जेवण गेलं नाही.

सकाळी बायकोनं ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेलं कानाचं यंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं आणि त्यांना संडासापाशी नेऊन उभं केलं. फ्लशची टाकी अखंड खळखळत होती.

"अगं, हे कधीपासून?"

"किल्ली मिळाली तेव्हापासून. चारदा सांगितलं. दर वेळी म्हणालात, 'ते वरच्या मजल्याला सांग!' आता गुपचूप प्लंबर बोलवा. कुणाला कळायचं नाही."

प्लंबर आला, फ्लश गप्प झाला. मास्तर मात्र गप्प राहू शकले नाहीत. संध्याकाळी ते बाकापाशी गेले, घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं.

शिंप्याच्या हातातले पत्ते खाली पडले. "म्हणजे आम्ही साबण लावून ताटकळत उभे, आणि पाणी तुमच्या संडासात?" तो पोट धरून हसायला लागला, आणि त्याच्यामागे सगळा बाक. "किल्ली इकडे द्या मास्तर, आणि हे पत्ते घ्या! सरका रे!"

थोड्या वेळानं मास्तर चष्मा न्यायला धापा टाकत घरात आले.

"काय झालं तुमच्या ओडियमचं?"

"गेला! लोक हसायला लागले की तो शब्द वापरता येत नाही."

"मग आता जे झालं, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

मास्तर उंबऱ्यात अडले. "उद्या बघून सांगतो," ते म्हणाले. "डाव अर्धा टाकून आलोय."