धारेच्या आधी

डॉ. गावडे यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या सत्कारासाठीच्या या गौरवलेखाच्या शेवटी यायचं हे वाक्य मी आधीच लिहून टाकलं, कारण महत्त्वाचं आधी सांगावं ही शिस्त मला डॉक्टरांनीच लावली. शिवाय हल्ली मी इतकी दमलेली असते की शेवटापर्यंत पोहोचेन याची खात्री नसते.

डॉक्टर जनावरांचे. निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून ते शिरूर-दौंडच्या उसाच्या गावांत बिबट्यापासून सांभाळून कसं राहावं हे सांगत हिंडू लागले. मी यवतच्या शाळेतली शिक्षिका, मदतीला गेले. पहिल्याच भेटीत हौसेनं केलेलं प्रेझेंटेशन त्यांना दाखवलं. बिबट्याचं कूळ, जगाचा नकाशा, कायद्याची कलमं, आणि काळजी काय घ्यायची ते अगदी शेवटी.

"बाई, झ्याक झालंय," डॉक्टर म्हणाले. "पन कुनासाठी?"

"गावकऱ्यांसाठी."

"त्यातलं पयलं कोन उठून जातंय?"

 उत्तर दाखवायला त्यांनी मला राहू गावच्या बैठकीत मागच्या रांगेत बायकांजवळ बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले. पुढे कुणी पाहुणे बोलत होते. म्हशींची धार काढायची वेळ झाली तशा बायका एकेक करून उठल्या. गवताला उसात जाणाऱ्या त्याच, आणि अंगणात पोरं खेळतात ती त्यांचीच. "उशीर झाला तर म्हस पान्हा चोरती. ती काय आपल्या भाषनासाठी थांबत न्हाई," डॉक्टर म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी माझं प्रेझेंटेशन उलटं केलं. शेवटचं पहिलं आलं: गवताला एकटीनं जाऊ नका, मोठ्यानं बोलत जा, दिवस मावळायच्या आत पोरं घरात घ्या. परदेशी बिबट्याचा देखणा फोटो गेला आणि तिथे राहूतलाच एक उघडा गोठा आला. नकाशा काढताना मला वाईट वाटलं, हे डॉक्टरांना कळलं असावं. "शाळंत दाखवा की पोरांना," म्हणाले.

माझी आई आजारी होती तेव्हा डॉक्टर दुखऱ्या गुडघ्यानिशी एकटेच बैठका घेत होते. वर मला फोन करून सांगत, "आज तुमचा गोठा चांगला चालला." असं बळ देणारी माणसं फार नसतात.

यंदा केंदूरला मात्र माझा धीर संपला. आदल्या दिवशी बिबट्यानं कालवड मारली होती. माणसं भडकलेली. "आधी पिंजरा लावा, भाषन मंग!" डॉक्टरांनी हात जोडले, बायकांना सांगायचं तेवढं पहिल्या दमात सांगितलं, त्यांना जाऊ दिलं, आणि मग पुरुषांच्या शिव्या बसून ऐकल्या. पिंजऱ्यासाठी त्यांच्याबरोबर जाऊन अर्ज द्यायचंही कबूल केलं. परतताना मी म्हटलं, "डॉक्टर, तेच तेच सांगून मी दमले."

"मी बी दमलोय, बाई. पन त्यांनी आज पयल्यांदाच ऐकलं न्हवं का?"

तरीही सत्काराच्या दिवशी हे काम सोडत असल्याचं त्यांना सांगायचं, असं मनाशी ठरवून टाकलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि राहूला मला एकटीला जावं लागलं. शेवटचंच म्हणून गेले. बोलणं अर्ध्यावर आलं असताना मागची एक बाई उठली. शेजारणीनं तिला विचारलं, "आगं, कुठं निघालीस? संपलं न्हाई अजून."

"माझ्या कामाचं समदं झालं. पोरं अंगनात हायती, आधी त्यांना आत घेती, मंग धार." दारातून ती वळली. "बाई, डॉक्टर दिसलं न्हाईत. बरं हायती ना?"

एरवी कुणी उठून गेलं की मला लागायचं. त्या दिवशी भरून आलं.

डॉक्टर, सत्कार धारेच्या आधी उरकायचा, ही तुमची अट सत्कार करणाऱ्या मंडळानं मान्य केली आहे. गुडघा सावकाश बरा होऊ द्या. राहूच्या बैठकीत मागच्या रांगेतली तुमची जागा मी धरून ठेवते. काम सोडायचं मात्र राहून गेलं.