यादीतला अनोळखी फोन

मी कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. हा गुण की खोड, यावरून आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत.

२०१५-१६ची गोष्ट. मस्कतच्या रुवी भागातल्या फ्लॅटमध्ये मी घरचा सर्व्हर उभा केला तेव्हा बायकोने विचारलं होतं, "एवढासाच?" होता खरा साबणाच्या डबीएवढा. मोबाइलच्या चार्जरवर चालायचा, पंखा नाही, आवाज नाही. उन्हाळ्यात एक हार्ड डिस्क उडाली, तेव्हापासून फोटो, सर्टिफिकेटं, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती सगळं त्यातच ठेवलं. परक्या मुलुखात ते कोणाच्या हाती लागलं तर आम्ही उघडेच पडलो असतो. स्वयंपाकघरात सिग्नल पोचेना म्हणून भिंतीच्या कडेने केबल ओढून दाराजवळ दुसरा राउटर बसवला. सिग्नल स्वयंपाकघरात पोचला, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडेही.

शेजारी रत्नागिरीकडचे, सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, त्यांचं कापडाचं दुकान. त्यांनी पासवर्ड मागितला. ज्यांच्या घरून दर आठवड्याला सुरमईचं कालवण येतं त्यांना नाही कसं म्हणणार? "तुमच्या एका फोनपुरता," असं बजावून मी तो दिला.

मग राउटरच्या यादीत एक अनोळखी फोन दिसू लागला. नाव नाही, नुसते आकडे. रोज सकाळी दहाला यायचा, अर्ध्या तासाने जायचा. त्या वेळी शेजारी दुकानात असत. म्हणजे त्यांनी पासवर्ड बिल्डिंगभर वाटला, हे मी ठरवूनच टाकलं. त्या फोनने माझ्या फोल्डरना एकदाही हात लावला नव्हता, नोंदी तसं स्पष्ट सांगत होत्या. मला वाटलं, चोर हुशार आहे. बायको म्हणाली, "सरळ विचारा की." विचारलं तर सावध होतील, असं माझं म्हणणं. एका रविवारी मी तो फोन ब्लॉक केला आणि मला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात शेजाऱ्यांची बायको. गावाहून येऊन तिला तीनच महिने झाले होते.

"भाऊ, ह्याला काय झालंय बघा जरा. पाच दिस नेट लागत नाय. ह्यांचा लागतो."

"मोबाइलच्या दुकानात नाही दाखवला?"

"हे म्हणाले देऊया. मीच नको म्हटलं. आईचे मेसेज हायत त्यात, परक्याच्या हातात कशाला? तुमच्याकडे दिला की काळजी नाय."

मी फोनच्या सेटिंगमधले आकडे पाहिले. तेच. त्या घरात दोन माणसं राहतात आणि दुसऱ्यालाही फोन असू शकतो, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आत जाऊन ब्लॉक काढला.

फोन तिच्या हातात देईपर्यंत मेसेज येऊ लागले. तिने सोफ्याच्या कडेला बसून तिथेच लावले. आईचा आवाज. "बाय, आज बोलली नायस?" मग, "रागावलीस काय गं?" मग, "माझं काय चुकलं असंल तर सांग."

तिने ओढणीने डोळे पुसले. "काय झालेलं, भाऊ?"

"सेटिंगमध्ये गडबड होती," मी म्हणालो. बायको माझ्याकडे बघत होती.

तिने लगेच फोन तोंडाजवळ धरला. "आई, फोन बिघडलेला गं. शेजारच्या भाऊंनी नीट केला. खूप बरी माणसं हायत."

मला लाज वाटली, आणि तरीही खरं सांगण्यासाठी माझं तोंड उघडलं नाही.