नणंदेवरचा संशय

भानुदासची बायको मालन गेली ते त्याला कळलं वाचनालयात. फोन घरी विसरला होता. पुस्तक बदलायला काउंटरवर उभा होता, तेवढ्यात ग्रंथपाल शिरगुप्पेबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि त्याच्याकडे बघितलंच नाही.

"भानुदास, पुस्तक राहू दे. घरी जा तू."

"आलोय तर बदलून द्या की," तो म्हणाला. "तिला रिकाम्या हातानं गेलेलं चालत नाही."

बाईंना मग सांगावंच लागलं.

बदलायला आणलेली कादंबरी खुनाची होती. चार दिवसांपूर्वी मालन तीत गढली आणि चुलीवरचं पिठलं करपलं. दुकानात पंपांच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग करून, नवी तार भरून दमून आलेला भानुदास भडकला. "त्या डॉक्टरनंच मारलंय बाईला. शेवटचं पान बघितलंय मी," असं म्हणून मोकळा झाला. त्याने पान बघितलं नव्हतं. अडतीस वर्षं तिची पुस्तकं पिशवीतून आणली-नेली, एकही उघडलं नव्हतं. मालनने चष्मा काढला, पुस्तक मिटलं. "परत द्या ते. आता काय उरलंय त्यात?" त्यावर ती एवढंच बोलली होती.

मालनला जाऊन दीड महिना झाला. आज दुपारी जेवून तो दुकानातल्या बाकावर आडवा होतो. पंखा घरघरतो. डोळे मिटलेत, पण रस्त्यावरचा भंगारवाला अजून ऐकू येतोय. भंगारवाल्याची हाक लांबत जाते आणि तो वाचनालयात असतो. कपाटांतून पुस्तकांच्या जागी जळक्या मोटारी मांडल्यात. शिरगुप्पेबाईंच्या खुर्चीत मालन बसलीय, शेंगा फोडत.

"या. कुठली देऊ?" ती विचारते.

भानुदासला दुसरंच बोलायचंय. पण तोंडातून येतं, "ऐतिहासिक कशीय?"

"घोडेच घोडे. चारशे पानांत एकाही बाईला भूक लागत नाही."

"गावाकडची?"

"पहिल्या पानावर कळतं, बैल मरणार. आपण आपलं दोनशे पानं त्याला वैरण घालायची."

"मग प्रेमाची घेऊ?"

"घ्या की! तुम्हाला तेवढीच माहिती होईल."

ती हसते, तोही हसतो. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं त्याला. ती असं रोज सांगायची. तो ताटात बघून हं हं करायचा.

"भुताची?"

"आधी भ्यायची मी. आता हसू येतं. मेलेल्या माणसाला एवढा वेळ कुठं असतो?"

काउंटर नाही आता. तिच्यापुढे चूल आहे, वर पिठलं रटरटतंय, आणि चुलीमागे एस.टी. उभी आहे, इंजिन चालू. मालन एस.टी.च्या खिडकीत बसलीय. भानुदास खाली उभा राहून खिडकीचा गज धरतो.

"आणि खुनाची?" तीच विचारते. "ती नाही विचारलीत."

तो गजावरचा गंज नखानं खरवडतो.

"मला तीच आवडायची. तीत खोटं बोलणारा शेवटी सापडतो."

"मालन, डॉक्टर नव्हता," तो म्हणतो.

"मग कोण?"

"ठाऊक नाही. मी पान बघितलंच नव्हतं. रागात बोललो."

ती त्याच्याकडे बघत राहते. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

"मला पहिल्यापासून नणंदेचा संशय होता," ती म्हणते. "बरोबर होता का?"

"काय माहीत."

"अहो, दीड महिना पुस्तक घरात पडलंय."

"दुकान असतं. वेळ…"

"गाढवाला गुळाची चव काय!" ती खिडकीतून हात काढून त्याचं मनगट धरते आणि अंगठ्याचं नख रुतवते. पोरं परीक्षेत नापास झाली की त्यांना ती असंच धरायची. "मी विचारतेय, माझं बरोबर होतं का?"

कंडक्टर घंटी मारतो. भानुदास गाडीबरोबर पळतो. नणंद होती, असं म्हणून टाकावं, तिला बरं वाटेल. शब्द तोंडाशी येतात. पण हेही खोटंच. तो दात आवळून पळत राहतो आणि बाकावरून खाली पडतो.

भंगारवाला अजून तिथंच ओरडतोय. भानुदास उठून बसतो. डाव्या मनगटावर नखाची लाल कोर उमटलीय. तो तिच्यावरून बोट फिरवतो. दुखतं.

घरी जाऊन तो पुस्तक काढतो, मालननं कोपरा दुमडलेलं पान उघडतो. एक वसंत कुणा शैलाला चावी देतो. यातली नणंद कोण, मेलेली कोण, त्याला काही कळत नाही. मालननं हे सगळं जेवताना सांगितलं होतं. तो पहिल्या पानावर येतो, चार ओळी वाचतो. पाचवीला तिचा आवाज मध्ये येतो आणि तो पुस्तक मिटतो.

शिरगुप्पेबाईंचा दोनदा निरोप आलाय, दुसरा वाचक थांबलाय म्हणून. पुस्तक परत दिलेलं नाही. वाचलेलंही नाही.