सुनेच्या नावावरची पुस्तकं

वाचनालयाच्या कपाटांना नंबर आहेत, ते मला आजही नीट कळत नाहीत. ग्रंथपाल सर आठवड्यातून दोन दिवस येतात तेव्हा नंबराप्रमाणे लावून जातात. बाकीचे दिवस मी एकटी असते, आणि प्रेमाच्या कादंबऱ्या माझ्या पद्धतीने लावते. भांडणातून जमलेल्या वर. त्याखाली लग्न आधी आणि प्रेम नंतर अशा. मग भुताखेतांच्या, ज्यात शेवटी भूत खोटं निघतं आणि प्रेम खरं. सगळ्यात खाली दुसरेपणाच्या: कुणीतरी गेलेलं असतं, वय उलटलेलं असतं, आणि तरी जमतं. त्या काढायला खाली बसावं लागतं. हल्ली बसलं की उठवत नाही.

सातवीत शाळा सुटली. माहेर देवगडकडे. नवरा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये मिस्त्री म्हणून घाटंजीला आला, त्याच्यामागून मी. इतक्या लांब की माहेरी जायचं म्हटलं तरी आधी थकवाच येतो. इथे वाचनालयात झाडलोटीला लागले आणि झाडता झाडता वाचायला लागले. पहिल्यांदा मला रडक्याच आवडायच्या. मग बघून बघून कळलं, की कापसाच्या वेचणीवरून घामाघूम आलेल्या बाईला रडकी देऊ नये, तिला भांडणाची द्यावी. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईला भुताची. लग्न ठरलेल्या पोरीला कुठलीही द्या, ती नुसती पान धरून बसते. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कायम धास्ती असायची. आपण शिकलेलो नाही आणि लोकांना पुस्तकं सुचवतो.

एकदा कमिटीत निघालंच, की या जागेवर दहावी पास माणूस हवा. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तेव्हा कमिटीतले एक काका बोलले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "दहावी पास कोणी बी भेटन जी. हे बाई वाचून देते." एवढंच. विषय संपला. माझी जागा राहिली. त्या दिवसापासून काका यायच्या आधी मी त्यांची खुर्ची पुसून ठेवायची.

काका दर शनिवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन यायचे. "सुनेसाठी," म्हणायचे. "एक फुल, एक हाफ." म्हणजे एक जाड, एक पातळ. खातं सुनेच्या नावावर होतं, पण सून कधी आली नाही.

"मागचं कसं वाटलं तिला?" मी विचारायची.

"चांगलं होतं म्हणे. पण तो माणूस सांगाले इतका उशीर काहून करते, म्हणे."

मी तिला भांडणाची देऊन पाहिली, दोन दिवसांत परत आली. फौजीची दिली, "ठीक हाय म्हणे." खालच्या कप्प्यातली दिली ती पंधरा दिवस राहिली आणि निरोप आला, "असंच अजून." पानांच्या घडीत सुपारीचा चुरा असायचा. मला वाटलं, खात असेल सून सुपारी.

मग मला काळजी लागली. तिशीतली बाई, नवरा धडधाकट, आणि हिला सतत दुसऱ्या लग्नाच्याच कादंबऱ्या का हव्यात? एरवी मी गप्प बसले असते. पण ज्या माणसाने माझी जागा राखली त्याच्या घरात काही बिनसलं असेल, तर आपण विचारायला नको? सून शिलाई करते, तोंडओळख होती. बाजाराच्या दिवशी ती वांगी निवडत होती, तिथे मी गाठलं.

"ताई, रागावू नका. घरी सगळं बरं आहे ना?"

"काहून? काय झालं?"

"नाही, तुम्ही त्या दुसऱ्या लग्नाच्याच कादंबऱ्या नेता… मनात काही असेल तर बहिणीसारखं मला सांगा."

"मी?" तिच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. "अव बाई, मले मशीनीवरून उठाले टाइम नाई. मी कवा वाचून राह्यली?" मग ती थांबली, आणि एवढ्या मोठ्यानं हसली की वांगेवाली बघायला लागली. "म्हंजे आमचे मामाजी! दार लोटून पेपर वाचतो म्हणते!"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, आपले काका. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, हे ती हसता हसताच म्हणाली. "घरी बोलू नका," मी म्हटलं. "नाई व," ती म्हणाली. पण नवऱ्याला सांगितल्यावाचून तिला राहवलं नाही, आणि रात्रीच्या जेवणात त्याने वडिलांना विचारलंच, "काय बाबा, लग्नाचा विचार हाय का?"

शनिवारी काका आले नाहीत. पुढच्या शनिवारीही नाहीत. मग पेपरवाल्याच्या हाती दोन पुस्तकं आली, वर वळणदार अक्षरात चिठ्ठी: सुनेचे सभासदत्व बंद करावे. ती चिठ्ठी मी सरांना दिली नाही. खालच्या कप्प्यात अंथरलेल्या कागदाखाली सरकवली. एकदा ते बसस्टँडवर दिसले. मला पाहिलं आणि गाड्यांच्या वेळांचा फलक वाचायला लागले. तो फलक त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी माझं वाचन राखलं, आणि मी त्यांचं बंद पाडलं.

महिन्याने सून आली. गळ्यात मापाची टेप, हातात तीच कापडी पिशवी.

"काका रागावलेत ना?"

"रागावले असते त बरं झालं असतं. जेवते अन् चूप बसते. पेपर बी नाई घेत हाती."

"माझ्यामुळं झालं, ताई."

"तुम्ही त विचारलं. हसली त मी ना." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "रजिस्टरात माहं नाव हाय का अजून?"

"आहे."

"मंग द्या. मलेच पाह्यजे. मशीनीजवळ ठेवतो. दुपारी मी कपडे द्याले जातो, घरात दुसरं कोणी नसते." मी विचारायच्या आत म्हणाली, "कोणतं ते तुम्हाले ठाऊक हाय."

मी खाली बसले. एक जाड, एक पातळ. दारातून ती वळली, "अन् बाई, माह्या संसाराची काळजी नका करू. नवरा बरा हाय. घोरते फक्त."

पंधरा दिवसांनी पुस्तकं घेऊन आली. "चांगलं होतं," पाठ केल्यासारखं म्हणाली, "पण ते बाई लवकरच हो म्हणते, म्हणे." मी मान खाली घालून नोंद केली. आधी उशिराची तक्रार, आता घाईची. ती गेल्यावर जाड पुस्तक उघडलं. घडीत सुपारीचा चुरा होता.

काका अजून येत नाहीत. शनिवारी सकाळी मी त्यांची खुर्ची पुसते, आणि पायऱ्यांवर कुणाचं पाऊल वाजलं की उगीच उठते. मग खाली बसून पुढचं शोधते, जरा सावकाश जमणारं. पुस्तक ओढलं की कागदाखालच्या चिठ्ठीचा कोपरा दिसतो. दर वेळी मी तो आत सारते.